डोळा मिटण्यापुरते हसू

सकाळी तोंड धुऊन मान वर केली आणि काटकोनांना आरशातला माणूस वाकडा दिसला. डावा गाल खाली ओघळलेला, ओठाचा डावा कोपरा चांगला बोटभर उतरलेला. त्यांनी शांतपणे विचार केला. आरशाची चौकट त्यांनी स्वतः केलेली होती, तेव्हा ती चुकणे शक्य नव्हते. आरसा टांगलाही त्यांनीच होता, वर पाणसळ ठेवून, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आणून. उरली काच. ती गेल्याच आठवड्यात काचवाल्याकडून नवी आणून बसवली होती. म्हणजे काच खराब होती, आणि काचवाल्याने त्यांना फसवले होते.

आपलाच चेहरा वाकडा झाला असेल ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. पस्तीस वर्षे तसबिरींना चौकटी करणाऱ्या माणसाला ती शिवणारही नाही. बाजारात त्यांचे खरे नाव फक्त दुकानाच्या पाटीला ठाऊक होते. बाकी सगळे त्यांना काटकोन म्हणत, आणि ही थट्टा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी ते भिंतीवरचे कॅलेंडर सरळ करत. एकदा समाचाराला गेले असताना त्यांनी गेलेल्या गृहस्थाची तसबीर दोन बोटांनी ढकलून नीट केली आणि "आता बरं दिसतंय" असे म्हणून मग सांत्वनाला सुरुवात केली. हसण्याच्या भानगडीत ते पडत नसत. बत्तीस वर्षांच्या संसारात आपण यांना दोनदाच हसताना पाहिले, असे त्यांची बायको सांगे, आणि त्यातल्या एकदा दात काढण्यासाठी भूल दिलेली होती.

खरे तर गेले तीन दिवस काही ना काही बिनसतच होते. पण प्रत्येक गोष्टीला काटकोनांकडे कारण तयार होते. डावा कान ठणकत होता. तिथे ते पेन्सिल खोचत, म्हणून त्यांनी पेन्सिल उजव्या कानावर नेली. कानाच्या खळग्यात बारीक पाणीदार फोड आले. ते सरसाच्या हाताने खाजवल्यामुळे, असे ठरले. काल संध्याकाळी चहाला गंजलेल्या खिळ्याची चव लागली, तेव्हा त्यांनी पातेले बदलायला सांगितले. भांड्यांचा आवाज डाव्या कानात घणासारखा बसायला लागला, तेव्हा ती हळू ठेवायला सांगितले. त्यावर बायकोने भांडी खरोखरच आपटली, आणि तेव्हापासून दोघांत अबोला होता. आज चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडले, त्याला तांब्याची वाकडी कड जबाबदार होती.

खातरजमा म्हणून ते कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले. तिथेही माणूस तसाच ओघळलेला. ही काचही त्याच काचवाल्याची होती, पण वीस वर्षांपूर्वीची. काटकोन पलंगाच्या कडेवर बसले. एक आठवडा नव्हे, वीस वर्षे हा माणूस आपल्याला वाकडी काच देत होता, आणि आपण गावभर चौकटींतून ती वाटत होतो. त्यांना घाम फुटला, कारण पुढच्या महिन्यात सार्वजनिक वाचनालयाच्या जिन्यात होऊन गेलेल्या चौतीस अध्यक्षांच्या तसबिरी एका ओळीत लागायच्या होत्या. चौकटी त्यांच्या होत्या आणि काचा त्याच्या.

त्यांनी फोन लावला आणि मनात होते ते सगळे बोलून टाकले. पण ओठ जुळवून बोलायचे शब्द आज जुळत नव्हते. प आणि ब च्या जागी नुसता वारा निघत होता. पलीकडून काचवाल्याने बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही घरीच थांबा. मी आलो."

काचवाला हा जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. आरशाच्या धंद्यात राहून त्याच्या अंगी फार सहनशीलता आली होती. दहा मिनिटांत तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा आरसा काखेत घेऊन दारात उभा राहिला. त्याने एकदा काटकोनांच्या तोंडाकडे पाहिले आणि आरसा अलगद खाली ठेवला.

"काच सरळ आहे, शेठ," तो म्हणाला.

काटकोनांनी त्याला ओढतच मोरीपाशी नेले, खिशातून पाणसळ काढली आणि आरशाच्या चौकटीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. बघ, चौकट सरळ आहे, म्हणजे दोष कुठे आहे ते तूच सांग, असे त्यांनी जमेल तशा शब्दांत सुनावले. काचवाल्याने ती पाणसळ त्यांच्या हातातून घेतली आणि, "हलू नका," असे म्हणून त्यांच्याच ओठांवर आडवी धरली.

बुडबुडा घरंगळत उजवीकडे गेला आणि टोकाला जाऊन चिकटला.

काटकोन आरशात त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांत पाणसळ त्यांच्याशी कधी खोटे बोलली नव्हती. त्यांनी डोळे मिटून घ्यायचा प्रयत्न केला, तर उजवा मिटला आणि डावा उघडाच राहून त्यांच्याकडे टक लावून बघू लागला. त्या क्षणी ते खरे घाबरले. चौकटीची पट्टी सरळ आहे की नाही हे बघायचे तर ती दोन्ही हातांनी उचलून उजव्या डोळ्याला लावायची, डावा मिटायचा आणि तिच्या कडेवरून टोकापर्यंत नजर टाकायची. कागदाच्या जाडीएवढा बाकही मग लपत नाही. हा डावा डोळा दिवसातून शंभरदा मिटून त्यांनी संसार केला होता. तो मिटत नसेल तर त्यांच्यात आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणाही माणसात काही फरक उरत नव्हता.

आवाज ऐकून बायको अबोला विसरून आली. तिने नवऱ्याला उजेडात उभे केले आणि समोरून पाहिले. सकाळी चहा देताना तिला काहीच कसे कळले नाही, हे ती पुढे कित्येक दिवस स्वतःला विचारत होती. अर्धा चेहरा हलत नव्हता हे खरे, पण उरलेला अर्धा तरी कधी हलला होता. "अर्धांगवायूच आहे हा," ती म्हणाली, आणि काचवाल्याने आपला आरसा तिथेच भिंतीला टेकवून रिक्षा बोलावली.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी होती. पण तिच्या कानावर पेन खोचलेले पाहून काटकोनांना जरा धीर आला. तिने हातपाय उचलायला लावले, हात दाबायला लावला, आणि मग म्हणाली, "काका, कपाळाला आठ्या घाला बघू."

हे काम काटकोन झोपेतही करू शकत होते. त्यांनी भुवया वर ताणल्या. कपाळाच्या उजव्या अर्ध्यावर नेहमीच्या तीन ठसठशीत आठ्या उमटल्या आणि बरोबर मधोमध येऊन थांबल्या. डावे अर्धे कपाळ लहान मुलासारखे गुळगुळीत राहिले. बायको पुढे वाकून बघू लागली. लग्नापासून ती ज्या आठ्या काढा म्हणत होती, त्यातल्या अर्ध्या आज गेल्या होत्या, आणि तिला रडू येत होते.

"हे चांगलं लक्षण आहे," डॉक्टर म्हणाली. मेंदूत बिघाड झाला असता तर कपाळ सहसा हलत राहिले असते. इथे कपाळही गेले आहे आणि हातपाय ठणठणीत आहेत, म्हणजे मेंदू शाबूत आहे. बिघाड आहे तो चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेत. मग तिने दिव्याने डावा कान पाहिला, आतले फोड पाहिले आणि विचारले, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

काटकोनांना आठवले. सातव्या वर्षी आल्या होत्या, ताईकडून. ताईला आल्या तेव्हा तिच्याजवळ जाऊ नको असे सांगितले होते, आणि तिला एकटीला शाळा बुडवायला मिळते हे सहन न होऊन ते मुद्दाम तिच्या पांघरुणात शिरले होते.

"तोच विषाणू," डॉक्टर म्हणाली. "कांजिण्या बऱ्या झाल्या, पण तो गेला नाही. कानामागे या नसेच्या गाठीत जाऊन झोपला. आता उठलाय. पाठीवर उठला की लोक नागीण म्हणतात ना, तीच ही, तुमच्या कानात उठलीये."

काटकोनांनी नकळत कानामागे हात नेला. त्यांचे सातवे वर्ष आणि आज, यांत एक्कावन्न वर्षे होती. या काळात त्यांनी दोन घरे बदलली, दुकान थाटले, मुलीला शिकवून सासरी पाठवले, आईवडिलांना पोचवले. आणि या सगळ्यात तो तिथे होता. पेन्सिल खोचायची त्या जागेच्या थोडा आत, पस्तीस वर्षे अगदी पेन्सिलीच्या बगलेत. दुखणे आले याची भीती होतीच, पण तिच्या वर चढून एक थक्क करणारी गोष्ट बसली होती. इतका धीर त्यांनी कोणा माणसात पाहिला नव्हता.

डॉक्टरने कागदावर आकृती काढली. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. विषाणू उठला की नस सुजते, पण हाड काही रुंद होत नाही, आणि ती आतल्या आत दाबली जाते.

"खाचेत लाकूड फुगतं तसं," काटकोन म्हणाले. हे वाक्य त्यांना जवळजवळ नीट म्हणता आले. "मग ठोकून भागत नाही. सुकू द्यावं लागतं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाली, आणि तिच्याही कपाळावर कौतुकाची एक आठी उमटली. सात दिवस विषाणूला आवरणाऱ्या गोळ्या, सूज उतरवणाऱ्या वेगळ्या गोळ्या, जागेपणी डोळ्यात सारखे थेंब, आणि झोपताना मलम घालून पापणीवर चिकटपट्टी, नाहीतर उघडा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होईल. चेहरा पडल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर फायदा जास्त. तुम्ही तर तीन तासांत आलात, ओळखले कोणी, असे तिने विचारले. काटकोनांनी दाराशी उभ्या असलेल्या काचवाल्याकडे बोट केले. हे डॉक्टर आहेत का, असे तिने विचारले, तर काचवाला मान खाली घालून म्हणाला, "नाही हो. मी काच विकतो. रोज कोणीतरी म्हणतंच, आरसा चुकीचा दाखवतो म्हणून."

"पण डोळा मिटेल ना?" काटकोनांनी विचारले. तेवढे एकच त्यांना विचारायचे होते.

बहुतेक मिटेल, पण केव्हा ते सांगता येत नाही, असे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाली. नस फार दुखावली असेल तर नवे धागे फुटावे लागतात, आणि ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. मिलिमीटर हे त्यांचे माप होते. आपल्या डोक्याच्या आत कोणीतरी आपल्याच मापाने काम करते, ही गोष्ट त्यांना फार मोठी वाटली.

घरी आल्यावर त्यांनी पोलादी पट्टी घेतली आणि कानामागून डोळ्यापर्यंतचे अंतर मोजले. आतली वळणे धरून एकशे वीस. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने चार महिन्यांनंतरची तारीख लिहिली आणि तिच्याखाली सरळ रेघ ओढली.

गोळ्यांनी कान आठवड्यात शांत झाला, चहा पुन्हा चहासारखा लागू लागला, भांडी भांड्यांच्या आवाजात वाजू लागली. डोळा मात्र उघडाच राहिला. काटकोनांनी उजवा मिटून डाव्याने बघून पाहिले. डाव्यात सारखे पाणी येई आणि सागाची पट्टी भिजलेल्या दोरीसारखी दिसे. बायकोने डोळ्यावर बांधायला कापडी झाकण शिवून दिले. त्याने दोन दिवस काम केले. पण बाहेरून झाकलेला डोळा आत जागाच असतो, चुळबुळ करतो, आणि दुसऱ्याचे लक्ष लागू देत नाही. शिवाय झाकण काढायला विसरून खिळा ठोकताना त्यांनी अंगठा ठेचून घेतला. शेवटी ते वाचनालयात गेले आणि काम परत करतो म्हणाले. ग्रंथपालबाई वयस्कर होत्या. त्यांनी चौतीस तसबिरींच्या गठ्ठ्याकडे पाहिले.

"यातले सगळे केव्हाच गेलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना कसली घाई? तुम्ही बरे व्हा. यांना वाकडं टांगलेलं मला बघवायचं नाही."

भिंतीवरची तारीख आली आणि गेली. आठ्या थोड्या परतल्या होत्या, ओठाचा कोपरा वर आला होता, प आणि ब जुळत होते. डोळा सांगून मिटत नव्हता. काटकोन रोज सकाळी दुकान उघडत, हातात पट्टी घेत, डाव्या पापणीला हुकूम सोडत, आणि पट्टी खाली ठेवत. आपले दिवस भरले, असे त्यांना मनातून वाटू लागले होते, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते.

तारखेनंतर पंधरा दिवसांनी काचवाला गप्पा मारायला आला. कालची हकीकत सांगू लागला. एक बाई आरसा परत घेऊन आल्या, हा वय जास्त दाखवतो म्हणाल्या. मी दुसरा दिला. आज सकाळी त्यांचे यजमान तो परत घेऊन आले. म्हणाले, हा तिचं कमी दाखवतो आणि माझं जास्त, दोघांना चालेल असा द्या. काटकोनांच्या हातात सवयीने एक पट्टी होती. ऐकता ऐकता त्यांच्या नकळत ओठ फाकले, गाल वर गेले, आणि डावा डोळा अलगद, पूर्णपणे मिटला.

उजव्या डोळ्यासमोर पट्टीची कड टोकापर्यंत उभी राहिली. शेवटच्या वितीत केसाएवढा बाक होता.

"थांब, हलू नकोस," काटकोन म्हणाले, जणू काचवालाच पट्टी होता. हसू ओसरले तसा डोळा उघडला. ते पुन्हा हसले. डोळा पुन्हा मिटला. काचवाला हळूच दुकानातून निघून गेला, कारण इतक्या वर्षांत त्याने हा चेहरा असा पाहिला नव्हता.

डॉक्टरने तपासले आणि समजावले. नवे धागे वाढताना त्यांना कोणी वाट दाखवत नाही. तोंडाकडे निघालेले काही धागे चुकून डोळ्याकडे गेले आहेत, म्हणून मेंदूने हसायला सांगितले की डोळाही मिटतो. आत पाणसळ घेऊन कोणी उभे नसते, असे काटकोन हळूच म्हणाले. एवढ्या अंधारात, दिवसाला एक मिलिमीटर चालत, धागे कुठेतरी पोचले होते हेच त्यांना नवल वाटत होते. ही नको असलेली ओढ सुटावी म्हणून वेगळे व्यायाम आहेत, सोमवारपासून या, असे डॉक्टर म्हणाली.

"म्हणजे हे हसले तरच डोळा मिटणार?" बायकोने विचारले. डॉक्टरने मान डोलावली. "मग काही काळजी नाही. हे हसत नाहीत."

रविवारी दुपारी काटकोन जेवायला आले नाहीत, म्हणून बायको डबा घेऊन दुकानात गेली. दारातच तिचे पाय थांबले. आत काटकोन पट्टी डोळ्याला लावून तिच्याच दिशेने तोंड करून उभे होते, आणि हसत होते. अर्धवट हसून पापणी अर्ध्यावरच अडकते हे एव्हाना त्यांना कळले होते, म्हणून ते गाल भरून, दात दिसतील असे हसत होते. बायकोने मागे वळून पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते.

"कोणाकडे बघून हसताय?"

"हसत नाहीये," काटकोन म्हणाले. "पट्टी बघतोय." त्यांनी ती खाली ठेवली, दुसरी उचलली, आणि पुन्हा तसेच हसले.

बायको डबा घेऊन आत आली.

"किती बघायच्यात अजून?"

"वाचनालयाच्या सगळ्याच. चौतीस तसबिरी, एकीच्या चार."

तिने मनाशी गुणाकार केला. एकशे छत्तीस. मग डबा फळीवर ठेवला, कोपऱ्यातले स्टूल ओढून बरोबर पट्टीच्या टोकाशी, त्यांच्या समोर ठेवले आणि त्यावर बसली.

"ते व्यायामाचं पुढच्या महिन्यात बघू," ती म्हणाली. "तुम्ही करा तुमचं काम."